केसपेपर किती वर्षं जपायचा?

तीन वर्षं झाली की केसपेपर काढून टाकायला मोकळे, ही समजूत तालुक्याच्या गावांतल्या दवाखान्यांत घट्ट बसली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरसारख्या गावात दहा-पंधरा खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांची अडचणही खरी आहे. जागा अपुरी, कपाटं खच्चून भरलेली, पावसाळ्यात भिंतीला ओल आणि एरवी वाळवीची धास्ती. नवी फाईल ठेवायची तर जुनी कुठेतरी हलवावीच लागते. पण कुठली फाईल कधी हलवायची, कुठलीला हातच लावायचा नाही आणि हलवताना मागे काय ठेवायचं, हे सगळं ‘तीन वर्षं’ या एका आकड्यात मावत नाही. म्हणून हा लेख डॉक्टरांसाठी आहे, त्यांच्याकडे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि ज्यांचे ते कागद आहेत त्या रुग्णांसाठीही.

हा आकडा येतो भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतून. तिच्या कलम १.३.१ नुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षं ठरावीक नमुन्यात जपायची आहेत. लगेच पुढचं कलम म्हणतं की रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने कागद मागितले तर मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागद द्यावेत. यात कसूर करणं हे गैरवर्तन आहे आणि त्यावर कौन्सिल कारवाई करू शकतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले होते. त्यांत तीन वर्षांची मोजणी रुग्णाच्या शेवटच्या भेटीपासून धरली होती आणि कागद देण्याची मुदत पाच कामकाजाचे दिवस केली होती. पण तीन आठवड्यांतच ते नियम स्थगित झाले आणि २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली. तेव्हाचे ‘आता पाच दिवसांत दिलं तरी चालतं’ असे संदेश अजून डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरतात. त्यावर विसंबून कुणी रुग्णाला ताटकळत ठेवू नये.

हे कलम बारकाईने वाचलं तर त्यात सुटणाऱ्या गोष्टी दिसतात. ते फक्त दाखल रुग्णांबद्दल बोलतं, ओपीडीबद्दल काहीच सांगत नाही. मोजणी उपचार सुरू झाल्यापासून धरतं, त्यामुळे चार वर्षं डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचा पहिला कागद उपचार चालू असतानाच ‘मुदतबाह्य’ ठरतो, जे कुठल्याही शहाण्या डॉक्टरला पटणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन वर्षांनी कागद नष्ट करा असं ते कुठेही म्हणत नाही. तीन वर्षं ही कमीत कमी मुदत आहे. ही संहिता ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. पण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात उभं राहायची वेळ आली की डॉक्टर कुठल्याही शाखेचा असो, पुरावा म्हणून कागदच लागतो.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. आजच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, पण सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. आता हिशेब करा. दाव्याची मुदत संपते त्याच सुमाराला आपण फाईल फाडली आणि उशीर माफ होऊन नोटीस आली, तर डॉक्टरांच्या हातात स्वतःच्या बचावाला एक कागदही उरत नाही. अशा वेळी ‘रेकॉर्ड नियमानुसार नष्ट केलं’ हे उत्तर कागदोपत्री बरोबर असलं तरी अपुरं पडतं. कागद नसले की आयोगाचा संशय डॉक्टरकडेच वळतो.

मुंबईतलं एक प्रकरण यासाठी माहीत असावं. १९९३ साली एका महिलेची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला त्रास होत राहिला. २००२ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज सापडला आणि २००४ साली तिने ग्राहक आयोगात तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१० साली न्यायालयाने तक्रार मुदतीबाहेरची ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना तिने त्याचा छडा आधी लावायला हवा होता. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला खरा. पण त्याच निकालात हेही आलं की इजा शरीरात दडलेली असेल आणि रुग्णाला ती कळण्यासारखी नसेल, तर मुदतीची मोजणी ती कळल्यापासून होऊ शकते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर अकरा वर्षांनी आलेल्या तक्रारीला उत्तर देण्याची वेळ एका डॉक्टरवर आली, आणि ती उद्या कुणावरही येऊ शकते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. प्रौढ दाखल रुग्णाची फाईल सुट्टी झाल्यापासून किमान पाच वर्षं ठेवा, शस्त्रक्रिया झाली असेल तर दहा वर्षं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने १९६८ सालीच दाखल रुग्णांच्या कागदांना दहा वर्षं आणि ओपीडीच्या कागदांना पाच वर्षं अशी मुदत सुचवली होती. खासगी रुग्णालयांना ती बंधनकारक नसली तरी मापदंड म्हणून आजही चांगली आहे. शरीरात काही बसवलं असेल, मग तो स्टेंट असो, गुडघ्याचा सांधा असो किंवा हाडातली पट्टी, तर त्याचा स्टिकर, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असलेलं पान कायम ठेवा. कॅन्सरच्या रुग्णाचा बायॉप्सी रिपोर्टही तसाच.

मुलांची गोष्ट वेगळी आहे

ज्या फाईलबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि जी सगळ्यात लवकर रद्दीत जाते, ती बाळंतपणाची. बाई घरी गेली, बाळ रांगायला लागलं, फाईल जुनी झाली. पण १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ६ आणि ८ प्रमाणे अज्ञान व्यक्तीच्या दाव्याची मुदत ती सज्ञान झाल्यावर सुरू होते आणि त्यानंतर तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. २०२५ च्या जुलैमध्ये वेळापुरात जन्मलेलं बाळ २०४३ च्या जुलैमध्ये अठरा वर्षांचं होईल. त्याच्या जन्माच्या वेळच्या हलगर्जीबद्दल त्याला स्वतःला २०४६ च्या जुलैपर्यंत दिवाणी न्यायालयात जाता येईल. बाळंतपणाची आणि लहान मुलांची फाईल मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत जपायची ती यासाठी. मानसिक आजारामुळे किंवा बौद्धिक अक्षमतेमुळे स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या रुग्णाबाबतही हीच सवलत आहे आणि तिथे वयाची रेघ नाही; ती फाईल कायमच ठेवावी.

अशा फाईलमध्ये नेमकं काय असायला हवं, हेही पाहू. कळा सुरू झाल्याची वेळ. बाई दाखल झाली ती वेळ आणि तेव्हाचं रक्तदाब-नाडीचं माप. कळा जोरात असताना दर अर्ध्या तासाने ऐकलेले बाळाचे ठोके, प्रत्येक नोंदीपुढे तास-मिनिटं आणि सिस्टरची सही. पाणी फुटलं तेव्हा त्याचा रंग. ठोके मंदावले तर डॉक्टरांना किती वाजता सांगितलं, ते किती वाजता आले, अकलूजला किंवा सोलापूरला हलवायचं कधी ठरलं, १०८ ला फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता निघाली, सोबत कोण होतं आणि पुढच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीत काय लिहिलं. बाळ किती मिनिटांनी रडलं. वीस वर्षांनी एखादा तरुण किंवा त्याचे आईवडील ‘नेमकं काय झालं होतं’ विचारत आले, तर या वेळा त्यांना खरं उत्तर देतात. डॉक्टरांनी वेळेत सगळं केलं असेल तर तेही याच वेळा सांगतात. ‘प्रसूती सुरळीत’ एवढे दोन शब्द लिहून ठेवलेली फाईल पन्नास वर्षं जपली तरी कुणाच्याच कामाची नाही.

कागद चुकला तर खाडाखोड करू नये. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, मूळ शब्द वाचता येईल असा ठेवावा, बाजूला बरोबर नोंद, सही, तारीख आणि वेळ लिहावी. नोटीस आल्यावर घाईने नवी पानं लिहून फाईलला जोडणं ही सर्वांत मोठी चूक. हरवलेल्या कागदाचं एखादं स्पष्टीकरण तरी देता येतं, मागाहून बनवलेल्या कागदाचं देता येत नाही.

पोलीस केस, सोनोग्राफी आणि गर्भपात

पंढरपूरकडे जाणारा पालखी महामार्ग वेळापुरावरून जातो, त्यामुळे अपघाताचे रुग्ण इथे येतच राहतात. ऊसपट्ट्यात तणनाशक किंवा कीटकनाशक प्यायलेले, भाजलेले, मारामारीत जखमी झालेलेही येतात. या सगळ्या एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केसच्या, फाईलींना मुदत लावूच नये. खटला कधी उभा राहील, साक्षीला कधी बोलावणं येईल आणि अपील कुठवर जाईल हे रुग्णालयाच्या हातात नसतं. १९६८ च्या त्याच सूचनेत अशा नोंदींना दहा वर्षं किंवा प्रकरण निकाली निघेपर्यंत असं म्हटलं आहे. मी म्हणेन, निकाल लागल्याची लेखी खात्री होईपर्यंत ठेवा आणि एमएलसी रजिस्टर कायम ठेवा. साक्षीच्या दिवशी डॉक्टरांना आठवणीवर बोलावं लागू नये. जखम किती सेंटीमीटरची, कुठल्या बाजूला, ताजी की जुनी, हे सात वर्षांनी कुणाच्या लक्षात राहणार?

पोलीस कागद न्यायला आले तर सहकार्य करायचंच, पण लेखी पत्र घेऊन. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते कागद मागू शकतात. मूळ फाईल देण्याआधी प्रत्येक पानाला क्रमांक घाला, पूर्ण झेरॉक्स काढून ठेवा आणि किती पानं दिली याची सही-शिक्क्याची पोच घ्या. रात्री घाईत दिलेली आणि पोच न घेतलेली फाईल परत मिळवायला डॉक्टरांची दमछाक होते.

सोनोग्राफी केंद्रांसाठी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचं कलम २९ आहे. एफ फॉर्म, रजिस्टर, संमतीपत्रं, रिपोर्ट असं सगळं दोन वर्षं ठेवायचं आणि कारवाई चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागेपर्यंत. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत मागच्या महिन्याचा अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे जायला हवा. एफ फॉर्म म्हणजे किरकोळ कारकुनी काम ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या मे महिन्यात खोडून काढली. फॉर्म अपुरा ठेवणं हाच गुन्हा आहे. मुलींचं प्रमाण घटल्याची झळ ज्या राज्याने सोसली, तिथल्या डॉक्टरांना हे वेगळं पटवून द्यायची गरज पडू नये.

गर्भपाताच्या रजिस्टरचं मात्र वेगळं आहे, आणि इथे ‘जास्त जपलं तर बरंच’ हा माझाच सल्ला मी मागे घेतो. २००३ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या महिलांचं रजिस्टर संबंधित कॅलेंडर वर्ष संपल्यापासून पाच वर्षं ठेवायचं असतं आणि ते गोपनीय असतं. मुदत संपल्यावर कुठलीही कारवाई प्रलंबित नाही याची खात्री करून ते नष्ट करावं. छोट्या गावात एका नावावरून घरात काय वादळ उठतं हे सांगायला नको. रजिस्टर कुलपात असावं, रिसेप्शनच्या टेबलावर कधीही नसावं. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या नोंदींनाही २०१७ च्या कायद्याने अशीच गुप्तता दिली आहे. फाईलवर लाल शाईत मोठ्या अक्षरांत खूण करणं ताबडतोब थांबवा.

रुग्णालयात आणखीही काही रजिस्टरं असतात. जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद पाच वर्षं. रुग्णालयाला जोडून मेडिकल दुकान असेल तर शेड्यूल एच-वन औषधांचं रजिस्टर तीन वर्षं. आयकरासाठीच्या नोंदींचं सीएला विचारून ठरवावं. ती मुदत वेगळी आणि कारणही वेगळं.

ओपीडी आणि वारी

ओपीडीच्या कागदाबद्दल आचारसंहिता गप्प असली तरी आपण बेफिकीर राहून चालत नाही. बहुतेक दवाखान्यांत चिठ्ठी रुग्णाला देतात आणि दवाखान्यात रजिस्टरच्या एका ओळीत नाव, गाव, तक्रार, औषध इतकंच उरतं. हे चालेल, पण त्या ओळीत औषधाचा डोस आणि ॲलर्जी लिहायला विसरू नका. रजिस्टर पाच वर्षं ठेवा. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, फिट्स अशा कायम येणाऱ्या रुग्णाचं स्वतंत्र कार्ड करा आणि तो येतोय तोवर सगळं ठेवा.

आषाढीच्या आधी माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते. त्या दिवसांत गावातले दवाखाने, सरकारी पथकं आणि सेवाभावी शिबिरं मिळून असंख्य वारकऱ्यांना तपासतात. पायाला फोड आलेले, जुलाब लागलेले, साखर उतरून चक्कर आलेले. यातला जवळपास कुणीच पुन्हा त्या डॉक्टरकडे येणार नसतो. इथे दवाखान्यात कागद किती वर्षं ठेवला यापेक्षा वारकऱ्याच्या पिशवीत कागद गेला की नाही हे मोलाचं आहे. परभणीच्या आजोबांना वेळापुरात इंजेक्शन दिलं, तर वाखरीच्या पथकाला ते कळायला हवं. औषधाचं नाव ठळक अक्षरांत, वेळ आणि मोजलेली साखर लिहिलेली चिठ्ठी द्या आणि ‘पंढरपूरला कुणाला दाखवलंत तर ही आधी दाखवा’ असं तोंडी सांगा.

हंगामात कारखान्यांकडे येणाऱ्या ऊसतोड बायकांच्या बाबतीतही तेच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची पिशवी काढलेली आढळली. अशी एखादी बाई कंबरदुखी घेऊन माळशिरस तालुक्यातल्या दवाखान्यात आली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी कळायला हव्यात: पिशवी का काढली, सोबत अंडाशय काढले का आणि काढलेल्या भागाच्या तपासणीत काय निघालं. अंडाशय गेले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, उपचार बदलतो. तिच्याजवळ कागद नसतो. शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयात तो ‘तीन वर्षं झाली’ म्हणून गेलेला असतो. अशा वेळी नुकसान फक्त तिचंच होतं, आणि ते कुठल्याही खटल्यात मोजलं जात नाही.

जपायचं कसं

सोलापूरचा उन्हाळा कागदाचा शत्रू आहे. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो. प्रकाशात, गरमीत आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात तो काही वर्षांत पांढराफटक पडतो. म्हणून ज्या दिवशी ईसीजी काढला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा आणि दोन्ही एकत्र लावा. तो लॅमिनेट तर कधीच करू नका, यंत्राच्या उष्णतेने पूर्ण काळा होतो. फाईल जमिनीवर ठेवू नये, लोखंडी मांडणीवर भिंतीपासून हातभर लांब ठेवावी. २०२० च्या ऑक्टोबरमधला पंढरपूर परिसरातला पाऊस आणि २०२५ च्या सप्टेंबरमधला सीनेचा पूर पाहिलेल्या जिल्ह्यात तळघरात रेकॉर्ड रूम करायची नाही, हे सांगायलाही नको.

संगणकावर घेणं उत्तम. केंद्राच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत तर रुग्ण हयात असेपर्यंत त्याची नोंद नष्ट करू नये असं म्हटलं आहे. पण फाईल स्कॅन केली की मूळ कागद लगेच टाकू नका. संमतीपत्रं, शस्त्रक्रियेची नोंद आणि एमएलसी यांचे मूळ कागद मुदत संपेपर्यंत ठेवाच. संगणकावरची नोंद न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याकडून ते कसं मिळेल हे आधीच विचारून घ्या. दोन प्रती ठेवा, एक रुग्णालयाबाहेर. सगळ्या कर्मचाऱ्यांना एकच पासवर्ड देऊ नका. आणि डॉक्टरांच्या मोबाईलमधले व्हॉट्सॲपचे फोटो म्हणजे रेकॉर्ड नव्हे. फोन हरवला की सगळं गेलं. जनआरोग्य योजनेच्या पोर्टलवर चढवलेल्या कागदांनाही हेच लागू. सोलापूर हा या योजनेच्या २०१२ सालच्या पहिल्या टप्प्यातला जिल्हा आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच रुग्णालयांना कागद चढवायची सवय आहे. पण पोर्टल क्लेमसाठी आहे, तुमची फाईल तुम्हीच सांभाळायची.

आता एक नवी बाजू आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेलं नसेल तर माहिती पुसावी, ही त्याची दिशा आहे. आजवर प्रश्न एवढाच होता की लवकर का टाकलंत. यापुढे इतकी वर्षं का ठेवलंत हेही कुणी विचारू शकेल. दोन्हींचं उत्तर एकच: एका पानाचं लेखी धोरण. कुठला कागद, किती वर्षं, कशासाठी, कुणाच्या ताब्यात. खाली डॉक्टरांची सही आणि तारीख.

नष्ट करण्याचं कामही लेखीच व्हावं. यादी करा: रुग्णाचं नाव, दाखल क्रमांक, दाखल आणि सुट्टीची तारीख. यादीतून एमएलसी, लहान मुलं, बाळंतपणं, नोटीस आलेली आणि विमा अडकलेली प्रकरणं वेगळी काढा. दवाखान्यात फलक लावा आणि स्थानिक दैनिकात छोटी सूचना द्या, की अमुक वर्षाचे कागद महिन्याभराने नष्ट होतील, कुणाला हवे असतील तर घेऊन जावेत. ही सूचना सक्तीची नाही, पण रुग्णाला न्याय देणारी आहे. मग बारीक तुकडे करूनच टाका. केसपेपर रद्दीवाल्याला किलोवर विकू नका. नाव-गाव-आजार लिहिलेला कागद भेळेच्या पुड्यावर दिसणं ही रुग्णाची विटंबना आहे. नष्ट केलेल्यांची यादी आणि दाखल रजिस्टर कायम ठेवा. जमलं तर प्रत्येकाचं डिस्चार्ज कार्डही. ते एक पान असतं, जागा खात नाही.

दवाखाना बंद करायची वेळ आली, डॉक्टर निवृत्त झाले किंवा अचानक गेले, तर कागदांचं काय, हेही त्याच धोरणात लिहा. मुलगा किंवा सून दवाखाना पुढे चालवणार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कोणत्या सहकाऱ्याकडे फाईली जाणार, हे ठरवून त्याची संमती घेऊन ठेवा.

रुग्णांनी काय करावं

कागद मागणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं, हे आधी मनातून काढा. तो तुमचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालच्या रहेजा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे, की गोपनीयतेचं कारण सांगून रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला केसपेपर नाकारता येत नाहीत. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाल्यापासून रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावलेली असायला हवी, ती वाचा.

मागणी लेखी करा. दोन प्रती काढा, एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या, कारण ७२ तास तिथून मोजायचे. ओळखपत्र जोडा. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र द्या, रुग्ण वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा. झेरॉक्सचा वाजवी खर्च द्यावा लागेल. फक्त डिस्चार्ज कार्ड नको, ‘संपूर्ण इनडोअर केसपेपर’ असं लिहा: नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता, शस्त्रक्रियेची आणि भुलीची नोंद, संमतीपत्रं, तपासण्या. सरकारी रुग्णालयात माहिती अधिकाराचा मार्गही आहे. मुदतीत मिळालं नाही तर स्मरणपत्र द्या आणि त्यानंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा रुग्णालयाची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे तक्रार करा. बिलावरून वाद असला तरी त्यासाठी कागद अडवणं योग्य नाही.

घरी मिळालेले कागद एका जाड पाकिटात, तारखेच्या क्रमाने ठेवा. बायॉप्सी, शस्त्रक्रियेची नोंद, इम्प्लांटचा स्टिकर, रक्तगट आणि मुलांचं लसीकरण कार्ड कधीच टाकू नका. घरातल्या आणखी एकाला ते पाकीट कुठे आहे हे माहीत हवं.

डॉक्टरांना माझी एकच विनंती आहे. सुट्टीच्या वेळी मागायची वाट न पाहता डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची नोंद आणि सगळ्या रिपोर्टांची झेरॉक्स रुग्णाच्या हातात द्या, आणि मिळाल्याची सही रजिस्टरमध्ये घ्या. खर्च वीस-पंचवीस रुपयांचा आहे. पुढच्या सोमवारपासून सुरू करा.